ठासणीचे रिव्हॉल्व्हर काडतुसाचे होते तेव्हा

अमेरिकेत १८६८ ते १८७३ या काळात ठासणीची हजारो रिव्हॉल्व्हरे धातूच्या काडतुसावर चालतील अशी बदलून घेण्यात आली. जुन्या शस्त्रांचे अभ्यासक या बदललेल्या रिव्हॉल्व्हरांना ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि पुस्तकांत त्यांच्या वाट्याला फार तर दोन पाने येतात. आधीचे कोल्ट कंपनीचे १८६० चे रिव्हॉल्व्हर प्रसिद्ध, नंतरचे १८७३ चे कोल्ट त्याहून प्रसिद्ध, आणि मधली ही वेळ मारून नेणारी तडजोड, असा एकंदर सूर असतो. माझे सारे आयुष्य टूलरूममध्ये गेल्यामुळे मला नव्याकोऱ्या यंत्रापेक्षा अशा तडजोडींचेच कुतूहल अधिक वाटते, कारण आपल्यासमोर काय अडचण होती हे तडजोड केलेला भाग कधी लपवत नाही. या रिव्हॉल्व्हरांतील बहुतेक विचित्र गोष्टी यंत्रशास्त्राच्या गरजेतून आलेल्या नाहीत, त्या एका पेटंटच्या आणि गोदामात साठलेल्या मालाच्या रेट्यातून आल्या आहेत, असे माझे मत बनले आहे, आणि ते का बनले एवढेच येथे मांडायचे आहे.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवली जाणारी ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या रिव्हॉल्व्हरचे मूळ काम समजायला वेळ लागणार नाही. बंदुकीत दारू आणि शिसे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात. रिव्हॉल्व्हरमध्ये तेच काम सिलिंडरच्या सहा घरांत, प्रत्येक घराच्या पुढच्या तोंडातून करावे लागते आणि ठासण्यासाठी नळीखाली एक दांडा बिजागरीवर बसवलेला असतो. प्रत्येक घराचा मागचा भाग बंद असतो, आणि त्या बंद भिंतीतून एक बारीक छिद्र असलेले निपल बाहेर आलेले असते, ज्यावर स्फोटक मसाल्याची तांब्याची टोपी चढवतात. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे येणारी हातोडी, टोपीवर आपटतो, ठिणगी छिद्रातून आत जाते आणि दारू पेटते. सहा घरे भरायची, सहा टोप्या चढवायच्या आणि दारू ओली होऊ द्यायची नाही, हे घोडेस्वाराला खोगिरावर बसून करणे किती कठीण असेल याची कल्पना करता येते. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत पडून सिलिंडर अडकणे तर नेहमीचेच होते. भरणे सोपे व्हावे म्हणून कागदात बांधलेली दारू-गोळी मिळत असे, पण टोपीची कटकट तिने सुटत नव्हती.

धातूच्या काडतुसाने ही सारी अडचण एका फटक्यात संपते, कारण पुंगळी, दारू, गोळी आणि स्फोटक मसाला हे चौघे एकाच वस्तूत येतात आणि पुंगळीची कड सिलिंडरच्या मागच्या काठावर टेकून राहते. त्यासाठी सिलिंडरमध्ये काय बदल हवा, हे कोणत्याही फिटरला विचारले तर तो क्षणात सांगेल की घर मागच्या बाजूने मोकळे हवे, म्हणजेच भोक आरपार हवे. नेमके हेच आरपार भोक अमेरिकेत १८५५ ते १८६९ अशी चौदा वर्षे एका माणसाच्या मालकीचे होते.

त्या माणसाचे नाव रॉलिन व्हाइट. हार्टफर्ड येथील कोल्टच्या कारखान्यात त्याने कंत्राटी काम केले होते. ३ एप्रिल १८५५ रोजी त्याला जे पेटंट मिळाले, त्यातील मूळ यंत्र मागच्या पेटीतून सिलिंडर भरण्याचे, अवजड आणि व्यवहारात निरुपयोगी होते. पण त्याच्या दाव्यांत आरपार घरांचा सिलिंडर होता, आणि बाकी सारे केराच्या टोपलीत गेले तरी तेवढा दावा सोन्याच्या मोलाचा ठरला. स्मिथ अँड वेसन या शस्त्रे बनवणाऱ्या कंपनीच्या होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी नोव्हेंबर १८५६ मध्ये व्हाइटशी करार केला. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे त्याला २५ सेंट मिळायचे होते, पण त्यांनी करारात आणखी एक कलम हुशारीने घातले होते: कोणी पेटंटचा भंग केला तर कोर्टकचेरी व्हाइटने स्वतःच्या खर्चाने करायची. नफा कंपनीचा आणि वकिलाची फी संशोधकाची, असा हा करार. व्हाइटने पुढे वर्षानुवर्षे खटले लढवले आणि मिळालेल्या रॉयल्टीचा मोठा भाग त्यातच घालवला.

व्हाइटने आपली कल्पना आधी सॅम्युअल कोल्टला दाखवली आणि कोल्टने त्याला उडवून लावले, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. मला ती फारशी पटत नाही. १८५५ साली अमेरिकेत रिव्हॉल्व्हरजोगे धातूचे काडतूस बाजारात नव्हतेच, त्यामुळे कोल्टसारख्या व्यापाऱ्याला त्या भोकात पैसा दिसण्याचे कारण नव्हते. शिवाय कोल्टबद्दल हळहळ वाटून घेण्याचेही कारण नाही. फिरत्या सिलिंडरचे त्याचे स्वतःचे १८३६ चे पेटंट त्याने मुदतवाढ मिळवून १८५७ पर्यंत टिकवले होते, आणि १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका प्रतिस्पर्धी कंपनीवर खटला जिंकून त्याने बाकीच्यांची तोंडे बंद केली होती. ते पेटंट संपले त्याच वर्षी स्मिथ अँड वेसनचे पहिले .२२ चे (हा आकडा म्हणजे नळीचे इंचांतील माप) सात बारी रिव्हॉल्व्हर बाजारात आले. ज्या हत्याराने कोल्टने इतरांना वीस वर्षे रोखून धरले होते, त्याच हत्याराने त्याच्या कंपनीला पुढची बारा वर्षे रोखले, आणि ती बारा वर्षे संपण्याच्या आत, जानेवारी १८६२ मध्ये, कोल्ट स्वतः वारला.

यादवी युद्धाच्या काळात या मक्तेदारीचा परिणाम विलक्षण झाला. पेटंट ज्यांच्या हातात होते त्या स्मिथ अँड वेसनकडे .२२ आणि .३२ ची छोटी रिव्हॉल्व्हरेच होती. सैन्याच्या कामाचे मोठे काडतूस-रिव्हॉल्व्हर त्यांनी १८७० पर्यंत आणले नाही. ज्यांच्याकडे मोठ्या शस्त्रांची यंत्रसामग्री होती त्या कोल्ट आणि रेमिंग्टन यांना आरपार भोक पाडण्याची मुभा नव्हती. त्यामुळे लाखो सैनिक टोप्या चढवत राहिले. व्हाइटचे पेटंट अमेरिकेपुरतेच होते, युरोपात त्याला कोणी विचारत नव्हते. तिकडे फ्रेंच नौदलाने १८५८ मध्येच लेफोशोचे पिनवर चालणारे काडतूस-रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते, आणि गंमत म्हणजे अमेरिकी सरकारने युद्धासाठी तीच फ्रेंच रिव्हॉल्व्हरे दहा हजारांहून अधिक संख्येने विकत घेतली.

पळवाटा शोधणाऱ्यांची मात्र चंगळ होती. मूर नावाच्या उत्पादकाने सिलिंडरच्या मागच्या भिंतीत एवढेच लहान भोक ठेवले की काडतुसाच्या बुडाचा छोटा बोंडासारखा उंचवटा त्यातून बाहेर डोकावेल आणि घोडा त्यावर आपटेल. काडतूस अर्थातच पुढून भरायचे. प्लांट कंपनीने कपासारख्या बुडाचे काडतूस काढले, तेही पुढूनच भरायचे. स्लोकमने घराची एक बाजू सरकती केली आणि काडतूस बाजूने आत घातले. यांपैकी एकही रचना कोणी मोकळ्या मनाने, फक्त उत्तम रिव्हॉल्व्हर करायचे म्हणून आखली असती असे वाटत नाही. ज्यांना पळवाट सापडली नाही आणि जे खटल्यात हरले, त्यांच्या रिव्हॉल्व्हरांवर ‘स्मिथ अँड वेसनसाठी निर्मित’ असा ठसा मारायची पाळी आली. व्हाइटचा मुख्य खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेथे न्यायाधीशांची मते समसमान पडल्यामुळे खालच्या न्यायालयाचा त्याच्या बाजूचा निकाल कायम राहिला.

कोल्टच्या कारखान्याने स्वतः केलेली पळवाट म्हणजे थुअर पद्धत, जिचे पेटंट कारखान्यातील कर्मचारी अलेक्झांडर थुअर याच्या नावावर १५ सप्टेंबर १८६८ चे आहे. तिच्यात सिलिंडरचा मागचा भाग कापून तेथे एक फिरणारे कडे बसवले आहे, आणि काडतूस पुढे रुंद, मागे निमुळते आहे, म्हणजे ते फक्त पुढूनच आत जाऊ शकते आणि नळीखालच्या जुन्याच दांड्याने ठासून बसवावे लागते. कडे एका स्थितीत फिरवले की घोडा फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर टोचणाऱ्या खिळीवर, आपटून बार होतो. दुसऱ्या स्थितीत फिरवले की तोच घोडा एका ठोकणीवर आपटून रिकामी पुंगळी पुढच्या बाजूला ढकलून काढतो. हट्टी पुंगळीसाठी घोडा पुन्हा पुन्हा ओढून सोडावा लागे. बुद्धिमत्ता म्हणून मी या रचनेला पैकीच्या पैकी गुण देईन, पण भरायला मूळच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा ती फार सोपी नव्हती, आणि पाच हजारांच्या आसपास नग झाल्यावर ती बंद पडली. रेमिंग्टनने त्याच वर्षी सरळ मार्ग धरला. स्मिथ अँड वेसनला रॉयल्टी देऊन त्यांनी आपली सैनिकी रिव्हॉल्व्हरे .४६ च्या पाच बारी काडतूस-रिव्हॉल्व्हरांत बदलली. रेमिंग्टनची चौकट वरूनही बंद असल्यामुळे सिलिंडर बदलला की काम संपले. कोल्टची वरून उघडी होती, नळी फक्त मधल्या आसावर आडव्या पाचरीने अडकवलेली, म्हणून कोल्टला जास्त विचार करावा लागला.

३ एप्रिल १८६९ रोजी व्हाइटचे पेटंट संपले. आपल्याला पुरेसा मोबदला मिळाला नाही म्हणून मुदतवाढ द्यावी, यासाठी त्याने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, धाव घेतली आणि तसा ठराव मंजूरही करून घेतला. पण जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी तो नाकारला. नकाराबरोबर त्यांनी शस्त्र विभागाच्या प्रमुखाचे पत्र जोडले होते, ज्याचा आशय असा होता की या पेटंटमुळे युद्धकाळात सरकारला झालेली अडचण पुरेशी झाली. ज्याने स्वतः त्या युद्धाचे नेतृत्व केले होते, त्याच्या सहीने ही मक्तेदारी संपावी हे मला फार समर्पक वाटते.

आता आरपार भोक सर्वांचे झाले होते, पण युद्ध संपलेले, मागणी बसलेली, आणि १८६० च्या मॉडेलची सुमारे दोन लाख रिव्हॉल्व्हरे झालेली, ज्यांतली सव्वा लाखाहून अधिक सरकारने घेतली होती. कोल्टच्या गोदामात सुटे भागही भरपूर. नवीन रचना करण्यापेक्षा आहे तेच वापरात आणणे हा हिशेब उघड होता, आणि तो फक्त कोल्टचा नव्हता. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात अर्स्किन ॲलिनने जुन्या रायफलींच्या नळीला मागे झडप बसवून त्या काडतुसाच्या केल्या, आणि ब्रिटिशांनी १८६६ मध्ये स्नायडर पद्धतीने आपली एनफील्ड बदलली. ही तीच १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड, जिच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्यानंतर जेमतेम अकरा वर्षांनी, मुंबईहून निघालेल्या नेपियरच्या फौजेने ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) १८६८ च्या एप्रिलमध्ये जी लढाई केली, तीत ब्रिटिश पलटणींच्या हातात हीच रायफल धातूची काडतुसे उडवत होती.

कोल्टचा बदल ज्याने आखला त्या चार्ल्स रिचर्ड्सबद्दल मला विशेष आदर आहे, कारण वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरमधील दाब कागदावर रेखाटणारे रिचर्ड्स इंडिकेटर हे उपकरण त्याचेच, आणि पुढे तो येल येथे यंत्रशास्त्राचा प्राध्यापक झाला. २५ जुलै १८७१ चे त्याचे पेटंट वाचताना जाणवते की शक्य तितके जुने ठेवायचे, ही त्याची पहिली अट होती. मुलीकडे कनेक्टिकटला असताना एका संग्रहालयात काचेआड ठेवलेले असे एक रिव्हॉल्व्हर मला बराच वेळ न्याहाळता आले. सिलिंडरभोवती जहाजांची लढाई कोरलेली आहे, टेक्सासच्या आरमाराची १८४३ ची, जी १८६० च्या मॉडेलच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांवर असे. ती तशीच आहे, पण मागचा निपलांचा भाग कापून गेला आहे आणि त्या जागी चौकटीला चिकटून एक जाड कडे बसले आहे. कड्याच्या उजव्या अंगाला छोटे दार आहे, आणि ते नेमके तेथेच उघडते जेथे पूर्वी टोपी चढवण्यासाठी चौकटीत खोलगट खाच होती. फायरिंग पिन कड्यातच स्प्रिंगवर बसवलेली आहे आणि नेम धरण्याची मागची खाचही कड्यावरच आली आहे, कारण पूर्वी ती घोड्याच्या नाकावर असे. नळीखालचा ठासणीचा दांडा गेला आहे. त्याच्या पोकळीत खुंटी मारून तिच्या आधाराने रिकाम्या पुंगळ्या मागे ढकलणारी दांडी नळीच्या उजव्या बाजूने बसवली आहे. जोड इतके नीट आहेत की बोटाने चाचपल्याशिवाय कळू नयेत असे वाटते. चाचपायला अर्थातच मिळाले नाही.

अशी सुमारे नऊ हजार रिव्हॉल्व्हरे झाली, ज्यांत सैन्याने स्वतःची पाठवून बदलून घेतलेली हजार-बाराशे होती. रिचर्ड्सचे काम उत्तम, पण भाग बरेच आणि खर्चिक. रेमिंग्टन सोडून कोल्टकडे आलेल्या विल्यम मेसनने १८७२ मध्ये ते सोपे केले: पुंगळी ढकलणाऱ्या दांडीची रचना सुटसुटीत झाली, फायरिंग पिन घोड्यावर गेली आणि कडे साधे झाले. मेसनचा हात कारखानदाराचा होता, एवढेच म्हणतो. त्याच सुमाराचे वरून उघडे असलेले नवे कोल्ट सैन्याने तपासले आणि आणखी मजबूत चौकट व मोठे काडतूस मागितले. त्यावर मेसनने वरून बंद चौकटीचे जे रिव्हॉल्व्हर दिले, तेच .४५ चे १८७३ चे प्रसिद्ध कोल्ट. त्याचे उजव्या बाजूचे दार आणि नळीला समांतर पुंगळी-दांडी ही या बदललेल्या रिव्हॉल्व्हरांतूनच जशीच्या तशी आली आहे.

आज इटलीच्या गार्दोने भागात या जुन्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती तयार होतात, आणि अमेरिकेत त्यांच्यासाठी काडतुसाचे तयार सिलिंडर विकले जातात. त्या बाजारामागेही पुन्हा कायदाच आहे. तेथील १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंतची शस्त्रे आणि तयार काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती यांना केंद्रीय नियमांत ‘अँटिक’ म्हणून सूट दिली आहे, म्हणजे तेच लोखंड ठासणीचा सिलिंडर असताना एका व्याख्येत बसते आणि काडतुसाचा बसवला की दुसऱ्या. आपल्याकडे असा संभ्रम नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि शस्त्रात असा बदल करणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे, हौशी माणसाचे नाही.

या प्रतिकृती पाहणाऱ्याला चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे .४४ च्या रिव्हॉल्व्हरला .४५ चा आणि .३६ च्या रिव्हॉल्व्हरला .३८ चा सिलिंडर मिळतो. ठासणीच्या काळात माप नळीच्या आतील पिळाच्या उंचवट्यांमध्ये मोजत. खाचांच्या तळापर्यंत मोजले तर .३६ ची नळी ०.३७५ इंचांची भरते. रिव्हॉल्व्हर बदलताना नळी तीच ठेवायची असल्याने गोळीही तेवढीच हवी होती, आणि सिलिंडरचे घर सरळ एकाच मापाचे असल्याने पुंगळीही बाहेरून तेवढीच हवी होती. म्हणून गोळीची टाच तेवढी बारीक करून पुंगळीत खोचली गेली आणि बाकीची गोळी पुंगळीच्या बाहेर, तिच्याच जाडीची राहिली. त्या काडतुसाला .३८ म्हणणे तेव्हा रास्त होते. पुढे बाहेरच्या गोळीवरील चरबीला धूळ चिकटते म्हणून संपूर्ण गोळी पुंगळीच्या आत घेण्यात आली, तेव्हा पुंगळीच्या भिंतीच्या जाडीच्या दुपटीइतका तिचा व्यास घटून तो ०.३५७ इंचावर आला. पुंगळी तीच राहिली आणि नाव .३८ हेच राहिले. एकोणिसावे शतक संपता संपता आलेल्या .३८ स्पेशलनेही ते तसेच चालवले, आणि १९३५ साली त्याच पुंगळीची लांबी थोडी वाढवून जे काडतूस निघाले, त्याच्या निर्मात्यांनी प्रथमच गोळीचे खरे माप नावात घालून त्याला .३५७ मॅग्नम म्हटले. ते निर्माते स्मिथ अँड वेसनच होते.